कॉर्न स्नेकचं पिल्लू आणताय? आधी डबा लावा, मग साप आणा

इकडे अमेरिकेत शाळेत किंवा नेचर सेंटरमध्ये मुलांच्या हातात पहिल्यांदा जो साप देतात तो बहुतेक वेळा कॉर्न स्नेकच असतो, आणि मग पोरगं घरी येऊन हट्ट धरतं की आपल्याकडेही हवा. आईबाप आधी "घरात साप? डोकं ठिकाणावर आहे का" म्हणतात, मग कुत्र्याला रोज दोनदा फिरवायला न्यायचं गणित मांडतात आणि हळूहळू विरघळतात. आमच्या ओळखीत हे इतक्या घरांत झालंय की तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, की या सापाची पिल्लं उपासमारीने कमी दगावतात, मालकाच्या जास्तीच्या लाडाने जास्त. तापमान बरोबर ठेवायचं, आठवड्यातून एकदा खायला द्यायचं, आणि बाकी वेळ त्याच्या वाटेला जायचं नाही. हे शेवटचं लोकांना जमत नाही.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या पाईन बॅरन्सपासून खाली फ्लोरिडा कीजपर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंत सापडतो. बिनविषारी आहे, भक्ष्याला विळखा घालून मारतो, दिवसा लपून बसतो आणि संध्याकाळ-रात्री फिरतो. शास्त्रीय नाव पॅन्थेरोफिस गटॅटस, पूर्वी एलाफे गटाटा म्हणायचे. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे कोकणात-घाटावर सापडणारा तस्कर नावाचा देखणा बिनविषारी साप, तोही पूर्वी याच एलाफे वंशात धरला जायचा, म्हणजे हे अगदीच परकं प्रकरण नाहीये. अंड्यातून निघालेलं पिल्लू आठ ते बारा इंच लांब, पेन्सिलीएवढं जाड, वजन सहा-आठ ग्रॅम. तेच पुढे तीन ते पाच फूट होतं आणि नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. म्हणजे आज चौथीतल्या मुलासाठी आणलेला साप तो कॉलेजला गेल्यावर तुमच्याच गळ्यात पडणार आहे, हे धरून चला.

कायद्याचं आधी बघा. हवाईत कुठलाही साप पाळायला बंदी आहे आणि दंड दोन लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत. न्यू जर्सीत कॉर्न स्नेक जंगलात दुर्मीळ झाल्यामुळे संरक्षित आहे, पाळायला परमिट लागतं. बाकी बऱ्याच राज्यांत अडचण नसते, पण अपार्टमेंटचं लीज वाचा, पुष्कळ लीजमध्ये साप चालत नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि भारतातून कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी, आपल्याकडचे साप (तस्कर, धामण, काहीही) पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, "मी नीट सांभाळेन" हे कारण चालत नाही. परदेशी प्राण्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत असतात, वनखात्याकडे लेखी विचारल्याशिवाय कोणाकडूनही काही विकत घेऊ नका.

कुठून घ्यायचं

बंदिस्त पैदास केलेलं पिल्लूच घ्या, रानातून पकडलेलं नको. ब्रीडरकडून किंवा रेप्टाइल एक्स्पोमधून घेणं मला मोठ्या पेट स्टोअरपेक्षा बरं वाटतं कारण ब्रीडर सांगू शकतो की हे पिल्लू कधी जन्मलं, आतापर्यंत किती वेळा खाल्लं आणि काय खाल्लं. फ्रोजन पिंकी (म्हणजे नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं उंदराचं पिल्लू) ओळीने निदान चार-पाच वेळा खाल्लेलं असेल तरच घ्या. हा एकच प्रश्न विचारला तरी पुढच्या निम्म्या कटकटी वाचतात. पिल्लू हातात घेऊन बघा, जीभ बाहेर काढतंय का, अंग घट्ट लागतंय का, डोळे स्वच्छ आहेत का, गुदद्वाराजवळ घाण चिकटलीये का, पाठीचा कणा वर आलेला नाही ना.

रंगांचा बाजार मोठा आहे. लाल रंगद्रव्य नसलेला अ‍ॅनरी, काळं रंगद्रव्य नसलेला अमेल, दोन्ही नसलेला पांढरट गुलाबी स्नो, आणि साऊथ कॅरोलायनातल्या ओकीटी हंट क्लबच्या जमिनीवरून नाव पडलेला ओकीटी, ज्याच्या भगव्या अंगावरच्या लाल डागांना जाड काळी किनार असते. सांभाळायला सगळे सारखेच. फक्त सनकिस्ड नावाच्या प्रकारात स्टारगेझर नावाचा मेंदूशी संबंधित आनुवंशिक दोष आढळतो, त्यात सापाचा तोल जातो, त्या रक्तातलं पिल्लू घेत असाल तर आईबापांची टेस्ट झालीये का ते विचारा. नवशिक्याने साधा, जंगली रंगाचा घ्यावा असं माझं मत, स्वस्त पडतो आणि मला तर तोच सगळ्यात सुंदर वाटतो, पण मुलं स्नोवर अडून बसतात त्याला इलाज नाही.

एक डबा, एक साप. "एकटं कंटाळेल" म्हणून दोन ठेवू नका. सापाला सोबत लागत नाही, आणि पिल्लांमध्ये एकाने दुसऱ्याला गिळल्याची उदाहरणं आहेत.

डबा

साप आणण्याच्या निदान तीन-चार दिवस आधी डबा चालू करून ठेवायचा. साप घेऊन आलो आणि मग हीट मॅटचं (विजेवर तापणाऱ्या पातळ चटईचं) खोकं उघडतोय असं नको, कारण तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो आणि चुका रिकाम्या डब्यात कळलेल्या बऱ्या.

पिल्लासाठी झाकणाला क्लिपा असलेला प्लॅस्टिकचा टब किंवा दहा गॅलनची टाकी पुरते. मोठ्या टाकीत टाकलं तरी चालतं पण मग ती गच्च भरायला हवी, लपायला जागोजागी काहीतरी हवं, नुसत्या मोकळ्या टाकीत पिल्लू घाबरून खाणं सोडतं. टबला सोल्डरिंग आयर्नने बारीक भोकं पाडा, दोन्ही बाजूंना. आणि पळून जाण्याचं अजिबात हसण्यावारी नेऊ नका, पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पिल्लू जातं, जाळीचं झाकण नुसतं वर ठेवलेलं असेल तर नाकाने उचलून जातं, आणि एकदा सोफ्यात किंवा भिंतीमागे शिरलं की आठवडेच्या आठवडे सापडत नाही. झाकणाला क्लिपा, वर कुलूप. विटा-पुस्तकं ठेवून भागवू नका.

आता उष्णता, कारण सगळं इथेच अडतं. साप स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, खाल्लेलं पचवायला त्याला बाहेरून ऊब लागते, आणि नको झाली की गार बाजूला सरकता यायला हवं. म्हणून डब्याची एक बाजू गरम आणि एक गार. गरम बाजूला जमिनीचं तापमान ८५ ते ८८ फॅरनहाइट (साधारण २९ ते ३१ सेल्सियस), गार बाजूला ७२ ते ७८ (२२ ते २६). रात्री सत्तरपर्यंत उतरलं तरी हरकत नाही. पिल्लाच्या टबला खालून हीट मॅट लावतात, तळाचा एक तृतीयांश भाग व्यापेल एवढीच, आणि टबच्या बाहेरून, आत कधीच नाही.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारं यंत्र. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावायची नाही, काहीही झालं तरी नाही, खोक्यावर "सेफ" लिहिलेलं असलं तरी नाही. मॅट नुसती प्लगला लावून सोडली तर १२० फॅरनहाइटच्याही वर जाऊ शकते आणि साप पोटाला चटका बसेपर्यंत त्याच जागेवर पडून राहू शकतो. साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट वीस-तीस डॉलरला मिळतो, सापाच्या डॉक्टरच्या बिलापुढे ते काहीच नाही. त्याचा प्रोब (तापमान मोजणारी वायर) मॅट आणि टबच्या मधे घट्ट टेपने चिकटवा. आत ठेवला तर साप हलवतो किंवा त्यावर पाणी सांडतं, मग थर्मोस्टॅटला वाटतं गार आहे आणि तो मॅट तापवत सुटतो. टेप मात्र बाहेरच, डब्याच्या आत चिकटपट्टी कधीच वापरायची नाही, सापाची कातडी तिला चिकटून फाटते. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, इन्फ्रारेड टेम्परेचर गनने आतली जमीन रोज मोजायची आणि त्यावरून थर्मोस्टॅटचा आकडा वरखाली करायचा. काचेला चिकटवायचे ते गोल घड्याळासारखे थर्मामीटर मिळतात ना, ते काचेचं तापमान सांगतात, सापाच्या पोटाखालचं नाही. वीज लावलेले गरम दगड मिळतात तेही नकोत.

वरून दिवा लावायचा असेल तर मोठ्या काचेच्या टाकीला ठीक, पण तोही थर्मोस्टॅट किंवा डिमरवर, आणि रात्री लाल-निळा दिवा नको, अंधारच हवा.

लपायला दोन जागा, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. एकच ठेवली तर पिल्लू सुरक्षित वाटावं म्हणून तिथेच बसतं, मग ते गरम असो की गार. आणि जागा घट्ट हवी, आत शिरल्यावर अंग सगळीकडून टेकलं पाहिजे, तेव्हाच त्याला बरं वाटतं. उलटा दह्याचा छोटा डबा, दार कापून, चालतो. टॉयलेट रोलच्या नळ्या, प्लॅस्टिकची पानं, सालीचे तुकडे टाका. तळाला सुरुवातीचा महिनाभर नुसता पेपर टॉवेल, शी झालेली लगेच दिसते आणि काही बिघडलं तर कळतं. नंतर अस्पेनचा भुसा, यात ते बोगदे करून राहतं आणि बघायला मजा येते. सीडर आणि पाईनचा भुसा वापरू नका, त्यातल्या तेलाचा वास सापाला बाधतो. पाण्याची जड वाटी, गार बाजूला, पाणी दोन दिवसांनी बदला आणि त्यात शी केली असेल तर त्याच क्षणी.

आर्द्रता ४० ते ६० टक्के. हिवाळ्यात घरातला हीटर हवा इतकी कोरडी करतो की वीसवर येते, तेव्हा स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळं) ओलं करून पिळून एका झाकणाच्या डबीत भरून ठेवा, तिला भोक पाडा.

आणल्यावर पहिला आठवडा

काहीच करू नका. खरंच. डब्यात सोडा, झाकण लावा, पाणी बदलण्यापुरतं उघडा. पाच ते सात दिवस हातात घ्यायचं नाही, शेजाऱ्यांना दाखवायला काढायचं नाही, ते लपलंय म्हणून त्याची लपायची जागा उचलून बघायचं नाही. मुलांना हे पटवणं हाच या आठवड्यातला खरा उद्योग. पिल्लू दिवसभर दिसलं नाही म्हणजे ते व्यवस्थित आहे.

खाणं

आठवड्याने पहिली पिंकी. मग दर पाच ते सात दिवसांनी एक. मोजमाप असं की उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा किंवा त्याच्या दीडपट, त्याहून मोठा नको. खाल्ल्यावर पोटाला थोडा फुगवटा दिसला पाहिजे, फार मोठा नाही. ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा घ्या (सापासाठी वेगळा, पोळ्यांच्या कणकेचा नको) आणि महिन्यातून दोनदा वजन लिहून ठेवा, मराठी माणसाला वहीत लिहायला आवडतं तर ती सवय इथे कामी येते.

नेहमी फ्रोजन, जिवंत नको. पिंकी चावत नाही हे खरं, पण पुढे मोठा उंदीर चावतो आणि सापाला भयानक जखमा होतात, शिवाय जिवंतची चटक लागली की फ्रोजनवर आणताना नाकी नऊ येतात. पिंकी झिपच्या पिशवीत घालून माणसांचं अन्न नसलेल्या फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्या, मग पिशवीसकट कडक गरम नळाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बोटाला उबदार लागली पाहिजे, १०० फॅरनहाइटच्या आसपास. मायक्रोवेव्ह नाही, त्यात ती फुटते आणि मग तुम्ही तो मायक्रोवेव्ह पुन्हा वापरणार नाही. लांब चिमट्याने धरून सापाच्या पुढे हळू हलवा, उचलली तर ठीक, नाही तर लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून दिवा घालवून निघून जा. उभं राहून बघत बसू नका.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. हा नियम मोडला की ते उलटी करतं, आणि सापाची उलटी म्हणजे साधी गोष्ट नाही, पोटातली आम्लं आणि पाचक जंतू सगळं बाहेर जातं, छोटं पिल्लू दोन-तीन उलट्यांत जाऊ शकतं. झालीच तर घाईने परत खायला देऊ नका, दहा ते चौदा दिवस थांबा, तापमान तपासा (बहुतेक वेळा गरम बाजू गार पडलेली असते किंवा उंदीर मोठा होता), मग अर्धी किंवा सगळ्यात लहान पिंकी द्या. पुन्हा झाली तर डॉक्टर.

खाल्लं नाही तर? एकदा नाही खाल्लं तर काहीच नाही. पिंकी फेकून द्या, पाच दिवसांनी पुन्हा. रोज रोज पुढे नाचवलं तर ते जास्त घाबरतं. दोन-तीनदा झालं तर पिंकी आणखी गरम करून बघा, किंवा छोट्या भोकाच्या डबीत पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवून रात्रभर अंधारात ठेवा, डबी डब्याच्या आतच, पण मॅटच्या बरोब्बर वर नको. पिंकीच्या डोक्याला सुईने टोचून थोडा स्राव बाहेर काढला की वास येतो, ऐकायला किळसवाणं आहे पण बरेचदा चालतं. रानात ही पिल्लं सरडे आणि झाडबेडूक खातात म्हणून काही ब्रीडर पिंकीला सरड्याचा वास चोळतात, तिथवर जायची वेळ आली तर त्या ब्रीडरलाच फोन करा. वजन कमी व्हायला लागलं असेल तर मात्र थांबू नका.

आता घराघरात येणारा मुद्दा, फ्रीझर. सीडीसीचंही (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचं) म्हणणं आहे की गोठवलेले उंदीर माणसाच्या अन्नाजवळ ठेवू नका, त्यातून साल्मोनेला (पोट बिघडवणारे जंतू) पसरतो. मोदकांच्या शेजारी उंदरांची पिशवी ठेवल्यावर घरात जो काही तमाशा होतो तो वेगळाच, तर गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर घ्या आणि विषय संपवा. साप हाताळल्यावर, पाणी बदलल्यावर साबणाने हात धुवायचे, वाटी किचनच्या सिंकमध्ये धुवायची नाही. पाच वर्षांखालची मुलं आणि पासष्टच्या पुढची माणसं यांना या जंतूंचा धोका जास्त असतो, म्हणजे भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर साप त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायचा नाही. आणि त्यांनी नागपंचमीला दुधाची वाटी ठेवायला सांगितली तर प्रेमाने नाही म्हणा, सापाला दूध पचत नाही, पाणी पुरे.

कात

पिल्लू दर चार-सहा आठवड्यांनी कात टाकतं. आधी रंग मळकट होतो, मग डोळे निळसर दुधाळ दिसतात, त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि ते चिडकं असतं, हात लावू नका आणि बहुधा ते खाणारही नाही. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि तीन-चार दिवसांत कात पडते, पायमोजा उलटा काढल्यासारखी, एकसंध. ओल्या मॉसची डबी या काळात हवीच. कात पडली की उलगडून बघा, दोन्ही डोळ्यांवरचे गोल आणि शेपटीचं टोक त्यात आहे ना. शेपटीला राहिलेली कात सुकून आवळते आणि टोक मरतं. तुकडे राहिले असतील तर ओला कोमट टॉवेल घातलेल्या डबीत अर्धा तास ठेवा, ते स्वतःच घासून काढतं. डोळ्यावरचं सोलायला जाऊ नका, कधीच.

हातात घेणं

दोन-तीन वेळा नीट खाल्ल्यावर सुरू करा, आधी पाच मिनिटं, दिवसाआड. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, वरून येतो तो शिकारी पक्षी असतो, बाजूने न्या आणि अंगाच्या मधल्या भागाखालून उचला. पिल्लू शेपूट थरथरवेल, एस आकार करून फणकारेल, हातावर घाणेरडा वास सोडेल. चावलं तरी टाचणी टोचल्याएवढं, हात मागे ओढू नका, साबणाने धुवा झालं. एका हातातून दुसऱ्या हातात सरकू द्या, घट्ट धरू नका. उंदराचा वास हाताला असताना डब्यात हात घालू नका, एवढं पाळलं तर बहुतेक चावे टळतात. काही महिन्यांत ते शांत होतं.

डॉक्टर कधी

तोंड उघडं ठेवून श्वास, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडात बुडबुडे किंवा चिकट लाळ, म्हणजे फुफ्फुसांचा संसर्ग. पाण्याच्या वाटीत बारीक काळे ठिपके आणि साप सतत पाण्यात पडून, म्हणजे गोचिडासारखे माइट्स. हिरड्या लाल, सुजलेल्या. पोटाच्या मधोमध कायमची सूज आणि वारंवार उलटी. यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर बहुतेक वेळा साप बघत नाही, म्हणून असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अ‍ॅम्फिबियन व्हेटरनेरियन्सच्या यादीतून जवळचा डॉक्टर साप आणायच्या आधीच शोधून नंबर फ्रीजवर लावून ठेवा.

भारतवारी, वीज जाणं आणि पुढे

महिनाभर भारतात जायचं असेल तर सापाला सांभाळणं सोपं आहे, पण एकटं सोडता येत नाही. पिल्लाला दोनेक आठवडे खाणं नाही मिळालं तरी ते तगतं (त्यापुढचं खाणं सांभाळणाऱ्याने द्यायचं), पाणी आणि तापमान मात्र कोणीतरी दोन-तीन दिवसांनी येऊन बघायलाच हवं. मित्राकडे टब उचलून नेऊन दिला तर उत्तम, थर्मोस्टॅटसकट. निघायच्या आधीच्या तीन-चार दिवसांत खायला देऊ नका, प्रवासात उलटी होते.

वादळात वीज गेली तर काही तासांनी घाबरायचं कारण नाही. जास्त वेळ गेली आणि घर गार पडलं तर पिल्लाला हवेची भोकं असलेल्या डबीत घालून ती डबी पिकनिकच्या कूलर बॉक्समध्ये ठेवा, बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, आणि वीज येऊन डबा गरम होईपर्यंत खायला नाही.

साधारण पंधरा-वीस ग्रॅमचं झालं की एका पिंकीने पोट भरत नाही हे फुगवट्यावरून दिसतंच, मग मोठी पिंकी, पुढे केस फुटलेलं फझी, आणि देण्यातलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं, पूर्ण वाढलेल्याला दोन आठवड्यांतून एकदा पुरतं. टब अपुरा वाटायला लागतो वर्षा-दीड वर्षात. मोठ्यासाठी चाळीस गॅलन ही जुनी किमान मर्यादा, आता बरेच जण चार फूट लांब, दोन फूट रुंद घ्या म्हणतात आणि तेच बरोबर आहे, साप त्यात चढतो, फांद्यांवर लोंबकळतो. जुन्या वस्तू सेकंडहँड बाजारात बऱ्याच मिळतात, फक्त वापरलेली टाकी आणली तर चांगली धुऊन निर्जंतुक करून वाळवा, आणि वापरलेली लाकडी फांदी घेऊच नका, तिच्यात माइट्स असू शकतात.